सखारामची तेरस

रत्नागिरी दाखवावी तर सखारामनेच, असं सखारामचं स्वतःचं मत होतं. एस.टी. स्टँडसमोरच्या दोन लॉजवाल्यांचंही तेच मत होतं, त्यामुळे त्याचं बरं चाललं होतं. लांज्याकडच्या एका आडगावातून विसाव्या वर्षी तो इथे आला. मंडईत ओझी वाहिली, एका वखारीत दिवाणजीच्या हाताखाली राबला, आणि मग बोलायची हौस होती म्हणून आल्यागेल्याला गाव दाखवू लागला. थिबा राजवाड्यात शिरला की तो ब्रह्मदेशच्या राजाची अशी काही हकिगत सांगायचा, की बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. टिळकांच्या घरात तो आवाज चढवायचा, पतितपावन मंदिरात उतरवायचा. कुठे काय लागतं ते त्याला नेमकं ठाऊक होतं.

पण त्याची खरी मिजास होती ती किल्ल्याखालच्या गुहेची. रत्नदुर्गाच्या समुद्राकडच्या अंगाला, कड्याच्या पायथ्याशी एक मोठी गुहा आहे. वेढा पडला की गडावरची माणसं भुयारातून या गुहेत उतरत आणि होडीने पसार होत, असं सांगतात; ते भुयार आता बुजलंय. तिथे जायची वाट खडकांवरून, आणि ती वाट एका ठिकाणी घळीने तुटलेली. घळ आठ-दहा हात रुंद. ओहोटीला कोरडी, भरतीला माणूस बुडेल एवढी. दुसऱ्या बाजूला कडा सरळ उभा आहे. म्हणजे जायचं घळीतून आणि यायचंही घळीतूनच. इतर कोणी तिथे लोकांना न्यायला धजत नसे. सखाराम न्यायचा, कारण त्याच्यापाशी तिथीचं गणित होतं.

गणित सोपं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता भरती, द्वादशीला नऊ वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. ओहोटीच्या आधी पाऊण तास आणि नंतर पाऊण तास, एवढा वेळ घळ आपली. हे त्याने किल्ल्याखालच्या होडीवाल्यांकडून उचललं होतं. होडीवाले आधी पाण्याकडे बघतात आणि मग बोटं मोजतात. सखारामने नुसती बोटंच उचलली. पण अकरा वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती, आणि अकरा वर्षं चूक झाली नाही की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला ती होतच नाही.

पंच्याऐंशी सालच्या नाताळच्या सुट्टीत बार्शीकडच्या एका शाळेची मंडळी आली. नऊ शिक्षक-शिक्षिका, त्यांचे पुढारी म्हेत्रे सर, आणि म्हेत्रे सरांची आई मालनबाई. म्हातारी सत्तरीला टेकलेली, बुटकी, गुडघ्यांनी अधू, गळ्यात तुळशीची माळ. तिने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. मांडवीला गाडीतून उतरली तेव्हा तिने आधी हात जोडले आणि मग विचारलं, "ह्येचा पलीकडला काठ कुठंय?" लेकाला हसू आवरेना. आईला समुद्र दाखवायचा म्हणूनच त्याने ही सहल काढली होती, हे तो सकाळपासून तीनदा बोलून गेला होता.

मंगळवार होता. सखारामने सकाळी अंघोळ करता करताच हिशेब करून टाकला होता. रविवारी एकादशीचा उपास धरला, सोमवारी बारस, आज तेरस. तेरसेची पाऊणपट म्हणजे पावणेदहा. ओहोटी पावणेचारला. निघताना त्याच्या बायकोने, सगुणाने, ताटात घावणे वाढले आणि म्हणाली, "आज माजं पारणं हाय, दोन घास खाऊन तरी जावा." सगुणा संगमेश्वराकडची, माळकऱ्यांच्या घरातली. तिचा उपास बऱ्याचदा त्याच्या दुसऱ्या दिवशी पडे.

"तुमच्या म्हायेरच्या देवाला एक दिस पुरत नाय," तो म्हणाला, दोन घावणे तोंडात कोंबले आणि निघाला. घरात लागोपाठ दोन दिवस साबुदाणा शिजला होता. त्याचं त्याला हसू आलं, बाकी काही नाही.

दुपारी किल्ल्यावरच्या भगवती देवीचं दर्शन झालं. तीन वाजून गेल्यावर सखाराम मंडळींना घेऊन कड्याच्या बाजूने खाली उतरला. मालनबाईंना लेकाने आणि सखारामने दोन्हीकडून धरून उतरवलं. घळ कोरडी होती. तळाला फक्त ओलं शेवाळ आणि दोन-तीन डबकी. पलीकडे चढताना म्हेत्रे सरांनी विचारलं, "पाणी कधी येतं हो इथं? आई बरोबर आहे माझी."

"सर," सखाराम थांबला. हा प्रश्न त्याला फार आवडायचा. "पावणेचारला पूर्ण ओहोटी. साडेचारपर्यंत या घळीत थेंब यायचा नाही. तुमचं घड्याळ चुकेल, माझी तिथी नाही चुकायची."

ड्रॉइंगचे सर म्हणाले, "वा!" शिक्षिका हसल्या. म्हेत्रे सरांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

गुहेत शिरताच मंडळींच्या माना वर गेल्या. दहा माणसं एकावर एक उभी राहिली तरी छत हाताला लागू नये एवढी ती उंच. आत गार अंधार, पायाखाली गोटे, आणि बाहेर उन्हात चमकणारं पाणी. सखारामने गोष्ट सुरू केली. वेढा, दगाफटका, रात्रीची होडी, सगळं आलं. बोलता बोलता त्याची नजर सवयीने बाहेरच्या एका सपाट काळ्या खडकावर गेली. ओहोटीला हा खडक सुकून करडा पडतो. आज तो काळाच होता, ओला. एक लाट आली आणि त्याच्यावरून पाणी पसरून गेलं.

वारा असेल, सखारामने स्वतःला सांगितलं आणि गोष्ट पुढे रेटली.

मालनबाई एका गोट्यावर बसल्या होत्या. गोष्ट संपल्यावर त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि शेंगदाण्याचा लाडू त्याच्यापुढे धरला. "खा रं बाबा. लई बोललास. कालच्या उपासाचा उरलाय. आज सकाळी बारस सोडली आन् ह्यो तसाच ऱ्हायला."

"आजी, उपास परवा झाला," सखाराम हसत म्हणाला. "रविवारी होती एकादशी. आज तेरस."

"परवाची स्मार्तांची. आमी माळकरी, आमची कालची." म्हातारीने लाडू त्याच्या हातात ठेवलाच. "ह्या खेपंला एकादसच दोन दिस हाय. पंचांग बघून सांगितलंया आमच्या गुरुजींनी. परवा बी एकादस, काल बी एकादस. आज बारस, तेरस न्हवं."

लाडू हातात तसाच राहिला. सखारामच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आलं. रविवारच्या चौकटीत एकादशी. सोमवारच्या चौकटीतही एकादशी. दोन्ही त्याने पाहिल्या होत्या. दुसरी बायकोची म्हणून सोडून दिली होती. उपास स्मार्तांचा असो नाहीतर माळकऱ्यांचा, तिथी काही दोन घरांत दोन नसते. एकादशी लांबली होती आणि तो एक दिवस पुढे मोजत गेला होता.

आज बारस. बारसेची पाऊणपट नऊ. ओहोटी तीनला.

त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. चारला दहा कमी होते. घळीची वेळ पावणेचारलाच संपली होती. ते कोरड्या घळीतून आले तेव्हाच पाणी फिरलेलं होतं, आणि हा शहाणा त्यांना साडेचारची हमी देत होता. घळीत आत्ता घोटाभर पाणी असेल. पंधरा मिनिटांत मांडीला लागेल, अर्ध्या तासात छातीला, आणि पौर्णिमा तीन दिवसांवर आलेली म्हणजे पाणी जोराचं. पलीकडे जायला दुसरी वाट नाही. इथे अकरा माणसं, त्यातली एक गुडघ्यांनी अधू, आणि कोणालाही पोहता येत नाही.

खरं म्हणजे त्याच क्षणी ओरडायला हवं होतं. जीभ उचललीही होती त्याने. पण समोर म्हेत्रे सर आईच्या खांद्यावरची शाल सारखी करत होते, ड्रॉइंगचे सर कॅमेरा डोळ्याला लावून उभे होते, आणि अर्ध्या तासापूर्वीचं स्वतःचंच वाक्य सखारामच्या कानात वाजत होतं. माझी तिथी नाही चुकायची. ते गिळायचं कसं? त्याला वाटलं, न सांगताही काढता येतील सगळ्यांना. काहीतरी निमित्त करू, भरभर चालवू, घोटाभर पाण्यातून नेऊ. कोणाला कळणारही नाही.

"चला मंडळी," तो म्हणाला, आणि आवाज मुद्दाम हसरा ठेवला. "वर चहा सांगून ठेवलाय, गार होईल."

चहासाठी कोण घाई करतं? दोन शिक्षिका शिंपले वेचत होत्या. "आलोच हं," म्हणाल्या आणि वेचत राहिल्या. ड्रॉइंगच्या सरांना सगळ्यांचा एक फोटो हवा होता. रोलमधले शेवटचे तीन उरले होते, त्यामुळे त्यांनी उंच मागे, बुटके पुढे अशी रांग लावायला घेतली. सखारामने त्यांचा हात धरून ओढला तेव्हा त्यांनी नवलाने बघितलं.

"अहो, साडेचारपर्यंत वेळ आहे ना? तुम्हीच म्हणालात."

"हो, पण... देवळात आरती असते."

"आरती सातला असते, असं मघाशी सांगितलंत."

खोटं बोलायची सवय सखारामला गोष्टींपुरती होती, तिथे कोणी उलटतपासणी घेत नसे. त्याने शिक्षिकांच्या मागे लकडा लावला, एकीची पिशवी उचलली, दुसरीला चप्पल आणून दिली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, गाइडला घरी जायची घाई झालेली दिसते. फोटो निघाला. एकाचे डोळे मिटले म्हणून दुसरा निघाला. घड्याळात चार वाजून गेले. सखाराम दर मिनिटाला घळीकडे बघत होता आणि दर मिनिटाला मनाशी म्हणत होता, आता सांगतो. आणि सांगत नव्हता. भीती त्याला पाण्याची वाटत होती, यात शंका नाही. पण लाज तिच्याहून मोठी निघाली.

मग घळीतून आवाज आला. धप्प असा, जड. एक लाट घळीच्या तोंडातून आत घुसली, टोकाला आपटली आणि पांढरं पाणी पुरुषभर वर उडालं. सगळ्यांनी वळून बघितलं.

"वा, काय दृश्य आहे!" ड्रॉइंगचे सर म्हणाले आणि शेवटच्या फोटोसाठी तिकडेच निघाले.

तेव्हा सखारामचं तोंड उघडलं. सहल दाखवायची गोड भाषा गेली, आतली निघाली. "थांबा! मी चुकलो! माजी तिथी चुकली! आज तेरस नाय, बारस हाय. पानी फिरून तास झाला. घळ भरतेय. आताच्या आता निघायला होवा, नायतर कोण निघनार नाय!"

शिंपल्यांची पुरचुंडी एकीच्या हातून खाली पडली. मग सगळे एकदम धावले. चहा आणि आरतीने जे पंधरा मिनिटांत झालं नव्हतं ते एका खऱ्या वाक्याने अर्ध्या मिनिटात झालं.

घळीत पाणी मांडीपर्यंत आलं होतं आणि लाट शिरली की कमरेच्या वर चढत होतं. सखाराम आधी उतरला. मधोमध तळाला एक भेग होती, तिच्यात त्याने उजवं पाऊल रोवलं आणि उभा राहिला. "मोठ्या लाटा मागोमाग येतात. त्या गेल्या की जरा दम असतो. मी 'चला' म्हटलं की एकानेच यायचं, माझा हात धरून पलीकडे जायचं. मध्ये थांबायचं नाही."

पहिले म्हेत्रे सर आईला घेऊन काठाशी आले. मालनबाईंनी खाली पांढरं पाणी बघितलं आणि त्यांचे पाय जागीच खिळले. सरांनी ओढलं, विनवलं, दटावलं. तेवढ्यात एक चांगली उसंत वाया गेली. म्हातारी स्वतःच बाजूला झाली. "ह्या पोरींना जाऊ दे रं आधी. मला धीर हुईना. माज्यापायी वाट आडवू नगंस."

आधी ड्रॉइंगचे सर गेले, म्हणजे पलीकडून ओढायला कोणीतरी झालं. कॅमेरा त्यांनी डोक्यावर धरला होता, मध्येच तो सोडून दोन्ही हातांनी खडक धरला. कॅमेरा गेला. मग शिक्षिका. एकीचं पातळ पायात अडकलं आणि ती नाकापर्यंत बुडाली. सखारामने दंड धरून तिला अक्षरशः फेकली. एकेक माणूस गेलं की तो मोठ्याने आकडा म्हणायचा, दुसऱ्या कशावर मन जाऊ नये म्हणून. सात. आठ. आता उसंतीतही पाणी त्याच्या कमरेला होतं. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारेने नडगी फाटली होती, खारं पाणी त्यात चरचरत होतं. नऊ.

काठावर मायलेक उरले. एक लाट आली ती सखारामच्या गळ्यापर्यंत चढली. मालनबाईंची उंची त्याच्या छातीएवढी.

म्हेत्रे सरांनी आईचा हात धरला. "आई, चल. काही होत नाही. मी आहे."

म्हातारीने लेकाकडे पाहिलंच नाही. ती खाली सखारामकडे बघत होती. "तू सांग," ती म्हणाली. "आता तरी खरं सांग. निघीन का मी ह्यातनं?"

अकरा वर्षांत सखारामला कोणीही काहीही विचारलं असेल, उत्तर तयार असायचं. राजवाड्याला खिडक्या किती, बुरुज कोणी बांधला, पाऊस कधी येणार. माहीत नसलं तरी उत्तर असायचंच. आत्ताही जिभेवर होतं. निघाल आजी, घाबरू नका. दुसऱ्या कोणीही तेच म्हटलं असतं, आणि म्हटलं म्हणून कोणी नावं ठेवली नसती.

"माहीत नाही, आजी," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही. मागे थांबलात तर गुहेत पाणी भरतं, एवढंच नक्की सांगतो."

मालनबाईंनी मान हलवली. पदर खोचला. "मंग चल," म्हणाल्या, आणि बसून, घसरून, लेकाचा हात झटकून त्या पाण्यात उतरल्या.

सखारामने त्यांना पाठीवर घेतलं. म्हेत्रे सर मागून आधार देत उतरले. चार पावलांचं अंतर. दोन झाली आणि उसंत संपली. लाट मागून आली, त्या तिघांच्या डोक्यावरून गेली. कानात नुसती घरघर, डोळ्यांपुढे हिरवा अंधार. सखारामचं पाऊल भेगेतून सुटलं. पाणी घळीच्या टोकाकडे ओढत होतं. म्हातारीने त्याचे केस मुठीत धरले होते आणि गळ्याला दुसऱ्या हाताची मिठी इतकी घट्ट होती की श्वास घ्यायला डोकं वर आलं तरी घेता येईना. त्याने काही विचार केला नाही. तळाला पाय मारला, खडक लागला, पुन्हा मारला. वरून कोणीतरी त्याची कॉलर धरली, कोणीतरी म्हातारीचा दंड. ती सुटली. मग तो. मागोमाग खोकत म्हेत्रे सर वर आले, त्यांच्या कपाळाला खोक पडली होती.

"अकरा," ड्रॉइंगचे सर म्हणाले आणि मटकन खाली बसले.

खाली घळीतलं पाणी आता आत-बाहेर होत नव्हतं. भरलं होतं, आणि संथपणे वर चढत होतं.

मालनबाईंनी खारं पाणी थुंकलं, माळ जागेवर आहे का ते चाचपलं आणि लेकाला हाक मारली. म्हेत्रे सर आईजवळ गेले नाहीत, सखारामकडे गेले. त्यांनी हात उगारला. हयातभर पोरांना शिकवून पुस्तकी झालेला तो सभ्य माणूस, त्याचं तोंड रागाने वेडंवाकडं झालं होतं.

"मारू नगंस," मालनबाई म्हणाल्या आणि बसल्या जागेवरून लेकाचं धोतर धरलं. "चुकला, व्हय. माणूस चुकतंच. पर कळल्याबरूबर बोलला का न्हाई? दुसरा एकटाच पळाला आसता. ह्यो मधी हुबा ऱ्हायला."

म्हेत्रे सरांचा हात खाली आला. शिक्षिकांपैकी एक म्हणाली, "खरंच हो, त्यांनीच वाचवलं." आणखी दोघांनी माना डोलावल्या. ड्रॉइंगच्या सरांनी सखारामच्या पाठीवर हात ठेवला.

एवढ्यावर सगळं निभावलं असतं. चूक तिथीची ठरली असती, आणि गावात गोष्ट गेली असती ती सखारामने अकरा जणांना वाचवल्याची. त्याला ते दिसत होतं. अंग थंडीने कापत होतं, नडगीतून रक्त वाहत होतं, आणि पाठीवरचा हात फार बरा वाटत होता.

"कळल्याबरोबर नाही बोललो, आजी," तो म्हणाला.

"काय म्हंतूस?"

"तुम्ही लाडू दिलात ना, तेव्हाच कळलं मला. चारला दहा कमी होते. घळीत घोटाभर पाणी होतं, सगळे चालत गेला असतात. पण चुकलो म्हणायची लाज वाटली. चहाचं सांगितलं, आरतीचं सांगितलं. पंधरा मिनिटं घालवली मी."

पाठीवरचा हात निघाला. कोणी कोणाकडे बघेना. ती पंधरा मिनिटं प्रत्येकाने आपापल्या परीने आठवली: शिंपले, फोटोची रांग, मिटलेले डोळे.

मालनबाईंनी लेकाचं धोतर सोडलं.

म्हेत्रे सरांनी मारलं ते पूर्ण हाताने. आवाज कड्यावर जाऊन परत आला. सखारामने हात वर केला नाही, गाल चोळला नाही. दुसरी बसेल म्हणून तो तसाच उभा होता. दुसरी बसली नाही. म्हेत्रे सर वळले, आईपुढे खाली बसले आणि तिच्या मांडीत डोकं घालून हुंदके देऊन रडू लागले. म्हातारी त्यांच्या ओल्या केसांवरून हात फिरवत राहिली.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "उठा आता. गारठा झोंबतोय. मला वर चढायचंय." सखाराम लांब, सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला होता. तिने त्याला बोटाने बोलावलं.

"तू पुढं हो," ती म्हणाली. "वाट तुलाच ठावं हाय."

सखाराम पुढे आला. म्हातारीने एक हात लेकाच्या खांद्यावर ठेवला, एक त्याच्या, आणि तिघं चढू लागले. वाटेत कोणीही त्याला काही विचारलं नाही. वर पोचेपर्यंत तिने त्याचा खांदा सोडला नाही.